नापास मास्तरची बॅच

४ ऑगस्ट, सोमवार

ही डायरी खताच्या दुकानदाराने जानेवारीत दिली. सात महिने माझ्या दुकानात ग्रीसच्या डब्याखाली पडून होती. आज पुसून काढली. कारण आजपासून मी, हौसराव शेलार, मास्तर झालोय, आणि हे कुणाला तरी सांगायला पाहिजे. बायकोला, म्हणजे सविताला, सांगितलं तर ती हसते.

झालं ते असं. न्हावऱ्याला सरकारी योजनेतलं एक कौशल्य केंद्र आहे. बेकार पोरांना तीन महिन्यांत पंप आणि मोटर दुरुस्ती शिकवायची, परीक्षा घ्यायची, सर्टिफिकेट द्यायचं. बावीस पोरं भरली. शिकवायला डिप्लोमावाले साहेब आणले. ते नवव्या दिवशी कंपनीत नोकरीला लागले. म्हणजे केंद्राने पहिली नोकरी लावली ती मास्तरलाच.

केंद्राचा मॅनेजर सत्यजीत, सव्वीस-सत्तावीसचा पोरगा, परवा वडगाव रासाईत माझ्या दुकानात आला. मी जळक्या मोटरीतलं तांबं उपसत बसलेलो.

“शेलारमामा, पंधरा दिवस या. नवीन माणूस मिळेपर्यंत.”

“आरं, मी धावी नापास.”

“मोटर तरी पास होते ना तुमच्या हातनं?”

एवढ्यावर मी फसलो.

आज पहिला तास. बावीस जण वही उघडून बसलेले, त्यात पाच पोरी. मी फळ्याकडे तोंड केलं आणि ‘मोटर’ असं लिहिलं. पुढे काय लिहायचं ते सुचेना.  मागून कुणीतरी खोकलं. शेवटी वळून विचारलं, “कुणाच्या घरी जळालेली मोटर पडलीय?”

अकरा हात वर झाले.

“उद्या आणा,” म्हटलं, आणि घरी आलो.

६ ऑगस्ट

सात मोटरी आल्या. दोन मोटारसायकलवर, एक चक्क एसटीतून. कंडक्टरने तिचं तिकीट मागितलं म्हणे.

मग मात्र फळ्याची गरज पडली नाही. सगळ्या उघडल्या. एका मोटरीत तारांचे दोन गठ्ठे काळे पडलेले आणि तिसरा नव्यासारखा तांबूस. विचारलं, “असं का?” कुणाला सांगता येईना. मी म्हटलं, “तीन बैलांचा नांगर, त्यातला एक पळाला. वढ राहिलेल्या दोघांवर आली, दोघं मेले. फेज गेला की मोटर अशी मरती. ही मोटर जळाली न्हाई, हिला जाळलंय.”

बावीस माना एकदम पुढे आल्या. मला वाटलं, आपण उगाच तीस वर्षं दुकानात एकटेच बोलत होतो.

१८ ऑगस्ट

पंधरा दिवस झाले. नवीन माणूस आला नाही. सत्यजीत त्याचं नावही काढत नाही, मीही काढत नाही.

पोरं कशी आहेत ते लिहून ठेवतो. आयुष सगळ्यात मोठा, सत्तावीसचा. याच्या आधी त्याने सरकारचेच दोन कोर्स केलेत, एक कॉम्प्युटरवरच्या हिशेबाचा आणि एक मॉलमध्ये माल विकायचा. दोन्ही सर्टिफिकेटं प्लॅस्टिकच्या फाईलीत घालून हिंडतो. मी विचारलं, मॉल कुठंय? म्हणाला, “पुण्यात. तिथं खोली घेऊन राहिलो तर पगार खोलीतच जातो.” पोराला दोनदा शिकवलं, पण तो राहतो तिथं काय मोडतं, काय लागतं, हे कुणी विचारलंच नाही. आपल्याकडे रोज कुणाची ना कुणाची मोटर जळते आणि दुरुस्तीला आठ-आठ दिवस लागतात. ऊस वाळतो, जनावरं तहानतात. आणि पोरं पारावर बसून मोबाईल बघतात. ही दोन टोकं एवढ्या जवळ असून कुणी बांधत नव्हतं.

पण खरं सांगायचं तर मलाही खात्री नाही. सर्टिफिकेट घेऊन ही बावीस जण कुठं जाणार? आयुषच्या फाईलीत तिसरा कागद, एवढंच होणार का? हे मी वर्गात बोललो नाही.

दुसरी प्रगती. न्हावऱ्याच्या जवळच्या वस्तीवरची. वडील पोपटराव वस्तीच्या टाकीचं पाणी सोडतात. पोरगी बी.एस्सी. झालीय, दोन वर्षं घरी आहे. हात तर असा चालतो की एकदा दाखवलं की झालं. बोलते कमी.

२५ ऑगस्ट

आज सत्यजीतने बसवून घेतलं आणि चहा मागवला. तेव्हाच समजलं की काहीतरी गडबड आहे.

सरकारच्या संगणकावर मास्तरचं सर्टिफिकेट चढवावं लागतं. माझ्याकडे तसलं काहीच नाही. ते चढलं नाही तर पोरांचे तास धरणार नाहीत, आणि तास धरले नाहीत तर त्यांना परीक्षेला बसता येणार नाही. तीन महिने पाण्यात.

“पण एक रस्ता आहे मामा. शाळा न शिकता काम शिकलेल्या माणसांसाठी वेगळी परीक्षा असते. तुमचा अनुभव तपासतात आणि सर्टिफिकेट देतात. वीस सप्टेंबर, दौंडला. प्रॅक्टिकल तर तुम्ही झोपेत कराल. फक्त लेखी आहे थोडं. कॉम्प्युटरवर पन्नास प्रश्न, निम्मे आले की पास.”

मी चहा तसाच ठेवला. दहावीला मी तीनदा बसलोय. तिसऱ्या खेपेला निकाल बघायलाही गेलो नव्हतो, वडिलांनी जाऊन बघितला आणि परत आल्यावर मला काहीच बोलले नाहीत. त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सत्यजीतला शपथ घातली की ही गोष्ट पोरांना कळता कामा नये. तो म्हणाला, “आईशप्पथ, कुणाला नाही सांगत.” चांगला पोरगा आहे, शब्दाचा पक्का.

१ सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीनंतर वर्ग भरला. पोरांमध्ये काहीतरी बिनसलंय असं वाटतं.

प्रगती संध्याकाळी थांबली. “सर, इन्सुलेशन चांगलं आहे की नाही ते कशाने मोजतात? मेगरने, क्लॅम्प मीटरने, की टेस्ट लॅम्पने?” मी म्हटलं, मेगरने. “आणि त्याचं एकक? ओहम, मेगाओहम की अँपिअर?” आता हे बी.एस्सी. झालेल्या पोरीला ठाऊक नसावं? तिनेच मग वहीत बघून सांगितलं, मेगाओहम. मी म्हटलं, लक्षात ठेव. ती म्हणाली, “तुम्ही पण एकदा म्हणा ना सर, म्हणजे माझ्या लक्षात राहील.” म्हटलं. तीनदा म्हणायला लावलं.

आयुषचा उजवा हात मुरगळलाय. कॉम्प्युटरचा माऊस त्याला धरता येत नाही. रोज अर्धा तास मला शेजारी बसवून घेतो, “सर, इथं दाबा, आता तिथं दाबा, आता ‘पुढे’ म्हणा.” मुरगळलेल्या हाताने त्याने आज दहा एच.पी.ची मोटर उचलली, हे मात्र मला पटलं नाही. रागावलो. हात जपायला नको का?

४ सप्टेंबर

प्रगतीचे प्रश्न थांबत नाहीत. विजेच्या आगीवर पाणी मारावं की वाळू? कपॅसिटर कशासाठी? मोटरीच्या स्टार आणि डेल्टा जोडणीत फरक काय? एकच प्रश्न पाच बाजूंनी विचारते. सविताला म्हटलं, पोरगी हाताने हुशार आहे पण डोक्याने जरा मंद दिसते. सविता भाकरी थापत होती, तिला एवढा ठसका लागला की पाणी द्यावं लागलं.

सविताच्या मोबाईलवर आजकाल फार मेसेज येतात. बचत गटाचे असावेत. जेवताना तीही काहीबाही विचारते. काल म्हणते, “अवं, अर्थिंगची वायर कुठल्या रंगाची असती?” तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा तिला माझ्या धंद्यात गोडी वाटली. बरं वाटलं.

९ सप्टेंबर

वाईट दिवस. सत्यजीतने सराव परीक्षा घेतली, दार लावून. पन्नासात चौदा. अक्षरं हलायला लागली. येत होतं तेही चुकलं. एक प्रश्न होता, “रागावलेल्या ग्राहकाशी कसे वागावे?” त्यात ‘चहा पाजावा’ हे उत्तरच नव्हतं.

मी वर्गाची किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हटलं, दुसरा माणूस बघ. तो हाका मारत होता तरी गाडीला किक मारून निघून आलो.

११ सप्टेंबर

दोन दिवस दुकानात आहे. सत्यजीतचे फोन उचलले नाहीत. दुपारी सविता जेवणाचा डबा घेऊन आली आणि समोर बसली.

“बावीस पोरं आशेनं बघत्यात आन् तुम्ही पन्नास प्रश्नांना भ्यालाय व्हय?”

“तुला कुणी सांगितलं?”

“समद्या न्हावऱ्याला ठावं हाय,” म्हणाली, आणि मग घाईने, “म्हंजी, मला सत्यजीतनं सांगितलं.” शब्दाचा पक्का म्हणे!

“पुन्हा नापास झालो तर?” मी विचारलं.

“तर चौथ्यांदा व्हाल. तीनदा होऊन काय कमी पडलं आपल्याला?”

डबा पुसून खाल्ला. पण केंद्रात गेलो नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी प्रगतीचा फोन. “सर, आमच्या वस्तीची पाण्याची मोटर जळाली. तीन दिवस नळ कोरडे आहेत. पुण्याचा माणूस आठ दिवसांनी येतो म्हणतोय. बायका बाबांना बोलायला लागल्यात, पाणी सोडणारे तेच, म्हणून राग त्यांच्यावर. तर आम्ही मोटर वर काढलीय आणि भरायला घेतलीय. तुम्ही येऊ नका सर. फक्त तार कितीची घालायची तेवढं विचारायचं होतं.”

मी विचारलं, “जुनी तार मोजली का?” म्हणाली, मोजली, आणि आकडा सांगितला. बरोबर होता. वेढे मोजले का? मोजले. तेही बरोबर. “मग मला कशाला विचारतीस?” “खात्री करायला. ठेवू का सर?”

फोन ठेवला आणि दहा मिनिटांत गाडीवर बसलो. येऊ नका म्हणे.

वस्तीवर समाजमंदिराच्या ओट्यावर ताडपत्री टाकलेली, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली मोटर आडवी पडलेली, आणि बावीसच्या बावीस पोरं भोवती. पाण्यातल्या मोटरीची तार एकेक वेढा करून ओवावी लागते, सुईत दोरा ओवतात तशी. दोघं ओढत होते, दोघं ओवत होते, एक जण मोठ्याने वेढे मोजत होता. पोपटराव कोपऱ्यात टोपी मांडीवर ठेवून बसलेले. मला बघून उठले.

“मास्तर, आलात का! लोक म्हणत्यात पोरीच्या हातात दिली मोटर, आता गेली कायमची.”

“अजून कुठं गेली? बघू की,” म्हटलं आणि हात न लावता बसलो. एकाने चहा दिला. अंधार पडायच्या आत निम्मं काम झालं.

१३ सप्टेंबर

दुपारी तीनला मोटर भरून झाली. टाकीत बुडवून चाचणी घेतली. बटण दाबलं, मोटर फिरली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, “बंद करा.”

टाळ्या थांबल्या. लांब उभ्या असलेल्या बायकांतली एक बोललीच, “सांगितलं नव्हतं का!”

मला आवाजातच कळलं होतं. मोटर गुरगुरत होती. तारेच्या एका गठ्ठ्याचं टोक उलटं जोडलेलं. मी सांगितलं असतं तर दोन मिनिटांचं काम. पण पोपटरावांचं तोंड बघितलं, पोरीचं बघितलं, आणि सांगवेना. म्हटलं, “पुन्हा चालू करा आणि आवाज ऐका. मोटर आपलं दुखणं सांगती. बघायचं नंतर.”

प्रगती वाकून कान देऊन बसली. पाच-सात सेकंद. मग तिने क्लॅम्प मीटर लावून तिन्ही तारांतला करंट मोजला, स्वतःच बटण बंद केलं, जोडणी उघडली, आणि एकेक टोक बोटाने चाचपत गेली. तिसऱ्या ठिकाणी थांबली. “हे उलटं आहे सर.” आयुषचं तोंड उतरलं. जोडणी त्याची होती. मी म्हटलं, “गडी हो, माझी पहिली मोटर तर उलटी फिरून विहिरीतच बसली होती.” हसले सगळे.

पाचला मोटर बोअरमध्ये सोडली. पोपटरावांनी बटण दाबलं. पाइप आधी खाकरला, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी. मघाशी बोललेली बाई पहिला हंडा भरून पोपटरावांच्या समोरून गेली आणि म्हणाली, “भाऊ, पोरीची दृष्ट काढा.” पोपटराव टोपी घालायची विसरून गेले, नुसती हातात फिरवत होते.

घरी येऊन सविताला म्हटलं, ही पोरगी वहीतलं पाच वेळा विचारते आणि हातातलं एकदाच. हिचं मला गणित कळत नाही. सविता म्हणाली, “तुम्हाला न्हाई कळायचं.”

सोमवारी केंद्रात जाणार आहे.

१९ सप्टेंबर

उद्या परीक्षा. प्रगतीने आज सत्तावन्न प्रश्न विचारले. वैतागलो, पण उत्तरं दिली. ती शेवटी म्हणाली, “सर, आता मला सगळं आलं.” म्हटलं, बरं झालं बाई, देर आये दुरुस्त आये.

२० सप्टेंबर

दौंडला सविता मागे बसून आली. नको म्हटलं तरी आली. परीक्षा केंद्राबाहेर बघतो तर आयुष आणि आणखी चौघं. म्हणे दौंडला काम होतं. पाच जणांचं एकाच दिवशी, एकाच गल्लीत!

आत माझ्याएवढेच सात-आठ जण. एक गवंडी, एक गॅरेजवाला, एक बाई तर साठीची, शिवणकामवाली. सगळ्यांचे हात कामाने काळवंडलेले आणि चेहरे पहिलीतल्या पोरांसारखे. तिला म्हटलं, “मावशी, माऊस असा धरायचा,” आणि दाखवलं. तेव्हा जाणवलं की मला धरता येतोय.

आणि काय योगायोग! प्रगतीने विचारलेले प्रश्न जसेच्या तसे. मेगाओहम, वाळू, कपॅसिटर. मी बोटांवर मोजले, निम्म्याहून जास्त. म्हणजे पोरगी मंद नव्हती, नेमकी अवघड जागीच अडत होती. तिच्याबद्दल जे बोललो ते मागे घेतो.

प्रॅक्टिकलला परीक्षक मॅडम होत्या. समोर मोटर ठेवली आणि म्हणाल्या, यातला दोष शोधा. मी शोधला आणि सवयीने त्यांनाच शिकवायला लागलो, “आता हे टोक धरा बघू.” त्यांनी धरलं. दहा मिनिटांनी त्या हसून म्हणाल्या, “काका, परीक्षा तुमची आहे.”

२९ सप्टेंबर

पास. लेखीत चौतीस.

सत्यजीतने मोबाईलवर दाखवलं. मी म्हटलं, पुन्हा बघ, हौसराव नावाचा दुसरा कुणी असेल. तो म्हणाला, मामा, या नावाचा अख्ख्या यादीत एकच माणूस आहे.

वर्गात गेलो तर फळ्यावर कुणीतरी ‘अभिनंदन’ लिहिलेलं. त्यांना कसं कळलं देव जाणे. मी रागाने म्हटलं, “फळा पुसा, काम काढा.” मग नळावर जाऊन तोंड धुऊन आलो.

१० नोव्हेंबर

पोरांची परीक्षा झाली. बावीसपैकी वीस पास. राहिलेले दोघं पुढच्या महिन्यात पुन्हा बसतील. त्यांना मी घरी बोलावून माझी गोष्ट सांगितली, तीनदा नापास झालेली, पहिल्यापासून. जेवूनच गेले दोघं.

आयुषला कासुर्डीजवळ दूध थंड करायच्या प्लँटमध्ये काम लागलं, तिथल्या मोटरी सांभाळायचं. घरून जाऊन येऊन करता येतं. त्याने जुनी फाईल घरीच ठेवली म्हणे. नवा कागद मालकाने एकदा बघितला आणि एक बंद पडलेला पंप दाखवला. कागदामुळे दारातून आत घेतलं आणि हातामुळे ठेवून घेतलं. हे मला आवडलं. सहा जण कंपन्यांत कंत्राटावर गेले, किती टिकतात बघू. नऊ जण आपापल्या गावात सुटी कामं घेतात. चौघांना अजून काहीच नाही. त्यांची नावं दुकानातल्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलीत, कुणी माणूस मागितला की सांगायला.

सत्यजीत विचारत होता, पुढची बॅच कशाची काढू? म्हटलं, “वरनं काय येतंय ते बघू नको. गावोगाव गाडी घाल आणि काय बंद पडलंय ते विचार.” तो खरंच वही घेऊन गेला. धार काढायच्या यंत्रांची नावं लिहून आला. त्यातलं मला काहीच येत नाही. म्हणजे आता मला शिकावं लागणार.

१९ जानेवारी, सोमवार

हे बरेच दिवस लिहायचं टाळत होतो. महिनाभर माझ्या दुकानात न्हावऱ्याकडचं काम येत नाहीये. प्रगतीने तिथं स्टँडच्या रस्त्याला दुकान टाकलंय, बॅचमधल्या दोन पोरींना घेऊन. उद्घाटनाला मी नारळ फोडला. तेव्हा ह्या बाजूचा विचार डोक्यात आला नव्हता. आता आला. आठ दिवस मन जरा खट्टू होतं, कबूल करतो. सविताला बोललो नाही, पण तीच आज म्हणाली, “जाऊन बघून तरी या.”

गेलो. दुकान लहान, पण स्वच्छ. माझ्यापेक्षा स्वच्छ. हत्यारं भिंतीवर ओळीने टांगलेली. प्रगती मोटर भरत होती. उठली, खुर्ची पुसली, चहा सांगितला. मी इकडेतिकडे बघत होतो, काही चुकतंय का शोधत होतो म्हटलं तरी चालेल. काही सापडलं नाही.

तेवढ्यात बाहेर ट्रॅक्टर थांबला. हनुमंतआप्पा, माझं वीस वर्षांचं गिऱ्हाईक. जळकी मोटर खांद्यावर घेऊन आत आले आणि मला बघून दारातच थबकले. मोटर खाली ठेवावी की तशीच परत न्यावी, त्यांना कळेना. चोरी पकडल्यासारखं तोंड झालं.

“हौसराव, तसं न्हाई बरं का… तुमच्याकडंच येणार हुतो, पर ही पोरगी त्याच दिवशी देती…”

प्रगतीने माझ्याकडे बघितलं. मी चहाचा घोट घेतला. गरम होता.

“आप्पा,” मी म्हटलं, “मोटर ठेवा खाली, खांदा दुखल. दुकान तिचं हाय. मी निस्ता चहाला आलोय.”